एक डोकं जास्त

एप्रिल ते ऑक्टोबर माझा पत्ता :
जागा क्रमांक एक, पाण्याच्या नळाशेजारी.
ट्रेलरवर पाटी. कॅम्प होस्ट, नेडीन हचेल.
सरपणाची मोळी सहा डॉलर.
पगार नाही. वीज फुकट, नदी फुकट.

त्याआधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली
ओझार्कच्या डोंगरवळणांतून.
बस गेली, दोन खोडी अंगात राहिल्या :
मागे बघायला आरसा शोधणं,
आणि डोकी मोजणं.

सोमवारी शेकोट्यांच्या लोखंडी कड्यांतली राख उपसते.
तंबूचे खिळे, मक्याची बुरकुंडं,
वितळून चपटा झालेला प्लॅस्टिकचा डायनासोर.
एकदा घटस्फोटाचे कागद, अर्धे जळलेले.
उरलेले अर्धे मी वाचले.
नदीवर येणारे सगळेच काही मासे धरायला येत नाहीत.

त्या शनिवारी त्रेचाळीस माणसं.
पैशांच्या पाकिटांवरून केलेली मोजदाद,
चुकणार कशी?
नवावर डेल्बर्ट स्टोव्हल, नदीभर गळ लावून बसलेला,
सतरावर मार्शल बेटांवरचं कुटुंब,
आठवडाभर स्प्रिंगडेलला कोंबड्या कापणारं,
त्यांची म्हातारी लिजोन
खुर्ची पाण्याकडे तोंड करून.

रात्री दोनला मला जाग आली
ती आवाजाने नाही.
आवाज गेला म्हणून.
उथळावरची खळखळ, जिच्यावर मी झोपते,
कुणी तोंडावर हात ठेवावा तशी बंद.
वर चांदणं लख्ख, थेंब नाही,
पाऊस पडून गेला होता साठ मैल वर,
दुसऱ्या कुणाच्या तरी कुरणांवर,
आणि नदी आता पाऊल न वाजवता
सिकॅमोरच्या मुळ्या चढत होती.

तंबूला दार नसतं. ठोठावणार काय?
बिडाचा तवा घेतला, उलथन्याने बडवत पळाले.
उठा! गाड्या सोडा! वर चला, न्हाणीघराकडे!
डेल्बर्ट म्हणाला, माझे गळ.
मी म्हटलं, तुझे गळ गेले न्यू ऑर्लिन्सला.
लिजोनला सांगावं लागलं नाही.
ती चपला घालून उभीच होती,
दोन्ही काखांत एकेक नातवंड.

टेकडीवर, ट्यूबलाइटखाली,
उशा, कुत्री, एक गिटार, एक तान्हं,
मी मोजायला लागले.
चव्वेचाळीस.
पुन्हा मोजलं, बोट दाखवून, ओठ हलवत.
चव्वेचाळीस.
एकतीस वर्षं छातीत धडधड होती ती एक कमी भरण्याची.
एक जास्त भरला तर काय करायचं
हे कुणी शिकवलंच नव्हतं.

तो हात वाळवायच्या यंत्रापाशी होता.
एकोणीसचा असेल. अनवाणी, केसांत पाचोळा,
बटण दाबायचा, ऊब घ्यायचा,
यंत्र थांबलं की पुन्हा दाबायचा.
लिजोनने त्याच्या खांद्यावर पांघरूण टाकलं,
हातात उकडलेलं अंडं दिलं, सोलून.
डेल्बर्टने विचारलं, कुठल्या जागेवरचा रे तू?
पोरगं फरशीकडे बघायला लागलं.
एकावरचा, मी म्हटलं. माझा पाहुणा आहे.
डेल्बर्टने माझा ट्रेलर पाहिलाय.
त्यात पाहुणा मावत नाही.
पण तो काही बोलला नाही.

सकाळी सिकॅमोरच्या बेचक्यात एक बाक, चारी पाय वर.
खालच्या सगळ्या कड्या गाळाखाली.
रेंजरने विचारलं, किती होते?
चव्वेचाळीस, मी म्हटलं, आणि त्याने तसं लिहिलं.

पोरगं तोवर निघून गेलं होतं.
पाकिटं टाकायच्या लोखंडी नळीत एक ओलं पाकीट,
आत अकरा डॉलर आणि काही चिल्लर.
नाव : रिकामं.
गाडीचा नंबर : रिकामा.
किती रात्री : बावीस.

बावीस.
म्हणजे तीन सोमवार मी त्याच्या वासावरून गेले,
राखेचं घमेलं घेऊन, शीळ घालत.

मंगळवारी उथळाला पुन्हा कंठ फुटला.
आता रोज झोपण्याआधी
शेवटच्या जागेच्या पलीकडे,
वेळूच्या बेटापर्यंत जाऊन येते.
विजेरी असते, ती लावत नाही.
कुणी नसतं.
तरी तव्यावर एकदा वाजवते,
हळूच, आणि थोडी थांबते.